रात्री चारदा उठणं : प्रोस्टेट, पाय की हृदय?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले वडील, वय ६८, बऱ्याच वर्षांपासून बीपीच्या गोळ्या चालू. वर्षभरापासून रात्री चार-चार वेळा लघवीला उठतात. सोनोग्राफीत प्रोस्टेट ३६ ग्रॅम निघालं, त्यासाठी टॅमसुलोसिनची गोळी सुरू झाली, पण तीन महिन्यांत काही फरक नाही. संध्याकाळी पाय थोडे सुजतात. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, ईसीजी ठीक आहे. आता नात्यातल्या कुणीतरी सांगितलंय की लघवीचा त्रास ही हार्ट अटॅकची आधीची खूण असते, आणि घरात अँजिओग्राफी करून घ्यावी का यावर खल चालू आहे. लेक विचारतेय, नक्की काय करायचं?

ताई, एवढ्या कारणासाठी अँजिओग्राफी नको. रात्री लघवीला उठतात म्हणून कुणाला थेट कॅथलॅबमध्ये नेत नाहीत. पण ‘मग प्रोस्टेटच असणार, गोळी बदलून बघू’ हेही नको. तुमच्या लिहिण्यातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात, ती म्हणजे संध्याकाळची पायांची सूज. मी मूत्ररोगाचा डॉक्टर, माझं दुकान प्रोस्टेटवरच चालतं. तरीही रात्री उठणारा पेशंट समोर बसला की मी आधी त्याला मोजे काढायला सांगतो. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरायचा आणि उचलायचा. खळगा पडला आणि लगेच भरून आला नाही, तर ३६ ग्रॅमच्या रिपोर्टपेक्षा तो खळगा जास्त सांगतो. त्यातून या वयात ३६ ग्रॅमचं प्रोस्टेट म्हणजे काही विशेष नाही. साठ ग्रॅमचं घेऊन रात्रभर शांत झोपणारे आहेत आणि पंचवीस ग्रॅमवर हैराण झालेलेही आहेत. आकाराचा आणि त्रासाचा हिशेब जुळेलच असं नसतं.

आता पायांच्या सुजेचा लघवीशी संबंध काय ते बघू. दिवसभर माणूस बसलेला किंवा उभा असतो, त्यामुळे रक्तातलं थोडं पाणी पायांच्या मांसात झिरपून साठतं. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार छाटणीच्या आणि घड विरळ करण्याच्या दिवसांत सकाळपासून बागेत उभे असतात, सातपूर-अंबडला शिफ्टभर मशीनपाशी उभे राहणारे असतात. त्यांच्या मोज्यांचे वळ बघितले की हे कळतं. रात्री आडवं झालं की हेच पाणी परत रक्तात येतं. रक्ताचं आकारमान वाढतं, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि त्या ताणाने हृदय स्वतःच एक संप्रेरक सोडतं. त्याचा मूत्रपिंडांना निरोप एकच असतो : मीठ आणि पाणी बाहेर टाका. मूत्रपिंडं इमानदारीने काम करतात, मूत्राशय भरतं, माणूस उठतो. म्हणजे यात मूत्राशयाचा दोष नाही, प्रोस्टेटचाही नाही. गंगापूर धरणातून विसर्ग सोडल्यावर रामकुंडावर पाणी चढतं, तेव्हा रामकुंडाच्या पायऱ्या दुरुस्त करून उपयोग नसतो. वर बघावं लागतं.

हृदयाचा पंप कमजोर झाला असेल तर यात आणखी भर पडते. दिवसा चालता-फिरताना मर्यादित रक्तपुरवठा स्नायूंकडे वळतो आणि मूत्रपिंडांच्या वाट्याला कमी येतो. रात्री विश्रांती मिळाली की तिथला रक्तप्रवाह सुधारतो आणि दिवसाची राहिलेली लघवी रात्री तयार होते. म्हणून काही जणांत दम लागण्याच्या आधी रात्रीचं उठणं वाढलेलं असतं. तुमच्या नातेवाइकांच्या बोलण्यात एवढं तथ्य आहे. मात्र ते हार्ट अटॅकबद्दल बोलत होते आणि हे हार्ट फेल्युअरबद्दल आहे. अटॅक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी अचानक बंद पडणं, फेल्युअर म्हणजे पंपाची ताकद कमी होणं. पहिल्यासाठी अँजिओग्राफी लागते, दुसऱ्यासाठी आधी साधी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ताची तपासणी पुरते.

आणि पाय सुजलेल्या प्रत्येकाचं हृदय कमकुवत नसतं हेही लगेच सांगतो, नाहीतर आज रात्री तुमच्या घरात कुणी झोपणार नाही. शिरा फुगलेल्या असणं, गुडघ्यासाठी रोज घेतलेली दुखण्याची गोळी, मूत्रपिंडाचा आजार, यकृताचा आजार, लठ्ठपणा, ही सगळी कारणं आहेत. आणि एक कारण बहुतेक तुमच्या घरातल्या औषधाच्या डब्यातच असेल. वडिलांच्या बीपीच्या गोळ्यांची नावं तुम्ही लिहिली नाहीत. पाकिटं काढा. नावाच्या शेवटी ‘एएम’ असेल तर त्यात बहुधा अॅम्लोडिपिन आहे. औषध चांगलं आहे, स्वस्त आहे, पण काहींना त्याने घोट्यांवर सूज येते, विशेषतः १० मिलिग्रॅमला. ही सूज दिवसा पायात आणि रात्री मूत्राशयात. नावाच्या शेवटी ‘एच’ किंवा ‘सीटी’ असेल तर त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, ज्याला आपण पाण्याची गोळी म्हणतो. ती संध्याकाळी जेवणानंतर घ्यायची सवय असेल तर रात्रीचं एखादं उठणं आपणच गोळीबरोबर गिळलं असं समजा. मधुमेहासाठी किंवा हृदयासाठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी गोळी चालू असेल तर तीही साखरेबरोबर पाणी बाहेर काढते. हे वाचून कुठलीही गोळी घरच्या घरी बंद करायची नाही. बीपीची गोळी स्वतःहून थांबवून पक्षाघात घेऊन आलेले पेशंट आम्ही बघतो. फक्त पाकिटं पिशवीत घालून फिजिशियनकडे जायचं आणि विचारायचं की यातली कुठली बदलता येईल, कुठलीची वेळ हलवता येईल. काही पेशंटमध्ये फ्युरोसेमाइडसारखी पाण्याची गोळी झोपण्याच्या सहा तास आधी, म्हणजे दुपारी चारच्या सुमारास देऊन पाय रात्रीच्या आधीच रिकामे करतात. तीच गोळी, वेळ वेगळी.

तरीही अंदाजाने काही करू नका, मोजा. मोजमाप लिहिलेला प्लॅस्टिकचा मग घ्या (तो परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही), एक वही घ्या आणि सलग तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसकट लिहा. झोपायला किती वाजता गेले आणि सकाळी किती वाजता उठले हेही लिहा. पाणी, चहा, ताक काय-किती प्यायले तेही. वडील कुरकुर करतील. माझ्याकडचे करतात, मग दुसऱ्या दिवसापासून त्यांनाच त्यात रस वाटायला लागतो.

एखादी वही कशी दिसते ते सांगतो. समजा माणूस साडेदहाला झोपतो. दिवसभरात आणि झोपण्याआधीची धरून पाच वेळा लघवी : १५०, २००, १८०, १५०, १७०, म्हणजे एकूण ८५० मिलिलिटर. मग रात्री साडेअकराला २५०, पावणेदोनला ३००, चारला २८० आणि सकाळी सव्वासहाला उठल्यावर ३२०. सकाळची पहिली लघवी रात्रीच्याच खात्यात धरायची, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. रात्रीचे झाले ११५०, चोवीस तासांचे दोन हजार. म्हणजे निम्म्याहून जास्त लघवी झोपेच्या आठ तासांत. पासष्टीपुढच्या माणसात रात्रीचा वाटा ३३ टक्क्यांच्या वर गेला की लघवी रात्री जास्त तयार होते आहे, असं आम्ही म्हणतो. आणि या माणसाचं मूत्राशय तर उत्तम आहे, एका वेळी तीनशे मिलिलिटर धरतंय. याला प्रोस्टेटच्या कितीही गोळ्या दिल्या तरी तो रात्री उठणारच.

याउलट दुसऱ्या वहीत रात्रीच्या नोंदी ७०, ९०, ६०, ८० अशा दिसतात. एकूण लघवी ठीक, पण मूत्राशय थोड्याशाने ढुशा देतंय किंवा नीट रिकामंच होत नाही. दिवसाही धार बारीक, सुरू व्हायला वेळ, शेवटी थेंब थेंब. इथे माझं काम आहे. तिसऱ्या प्रकारात दिवस-रात्र दोन्हीकडे आकडे मोठे असतात, एकूण तीन-साडेतीन लिटर. तिथे साखर तपासायची आणि ‘रोज चार लिटर पाणी प्या’ हा सल्ला कुणी दिला ते विचारायचं. वहीशिवाय ही तिन्ही माणसं दवाखान्यात अगदी एकच वाक्य बोलतात : “डॉक्टर, रात्री चारदा उठावं लागतं.” वडिलांची वही पहिल्या प्रकारची निघेल असा माझा होरा आहे, पण तो होराच.

बीपीचा इथे अजून एक पदर आहे. निरोगी माणसाचं बीपी झोपेत दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतं. ज्यांचं उतरत नाही, त्यांच्या मूत्रपिंडांवर रात्रभर दाब राहतो आणि मीठ-पाणी रात्री बाहेर पडत राहतं. अशा लोकांत पक्षाघाताचा आणि हृदयविकाराचा धोकाही जास्त असतो. दवाखान्यात दिवसा मोजलेलं बीपी यांच्यात चांगलं दिसू शकतं. चोवीस तास दंडाला पट्टा बांधून बीपी नोंदवणारं यंत्र लावलं की रात्रीचं चित्र कळतं. वडील घोरत असतील आणि घोरता घोरता मध्येच श्वास थांबून दचकत असतील, तर आईला विचारा, तिला नक्की माहीत असेल. झोपेत श्वास अडतो तेव्हा छातीतला दाब बदलून हृदयाचे तेच वरचे कप्पे ताणले जातात आणि तेच संप्रेरक सुटतं. झोपेची तपासणी करून रात्री श्वासाची वाट उघडी ठेवणारा हवेचा मास्क लावला की बीपी आणि लघवी दोन्ही सुधारलेले पेशंट असतात.

रक्तवाहिन्यांचा थेट संबंध मात्र थोडा जपून सांगायला हवा, कारण सगळ्यात जास्त अतिशयोक्ती इथेच होते. महाधमनी बेंबीच्या पातळीवर दुभंगते. तिच्या ज्या शाखा ओटीपोटात शिरतात त्या मूत्राशय, प्रोस्टेट आणि लिंग या तिघांना रक्त पुरवतात. तंबाखू, मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि बीपी हे हृदयाच्या रक्तवाहिन्या बुजवतात तसे याही बुजवतात. सशांमध्ये या रक्तवाहिन्या अरुंद केल्यावर मूत्राशय आधी चिडखोर होतं आणि पुढे त्याचा स्नायू ताठर होतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. माणसांतही लघवीचा जास्त त्रास असणाऱ्यांत हृदयविकार जास्त आढळतो. पण वय, पोट, साखर आणि सिगारेट या दोन्हींच्या मुळाशी आहेत, त्यामुळे एकामुळे दुसरं होतं असं म्हणायला जागा कमी. माझं मत विचाराल तर लघवीचा त्रास हा अटॅकचा भोंगा नाही. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंड राहून गेले असतील तर ते तपासून घेण्याचं ते चांगलं निमित्त आहे.

याहून भक्कम पुरावा असलेली खूण वेगळी आहे, ती म्हणजे लिंगाला ताठरता न येणं. ती गोष्ट मुलीने वडिलांना विचारायची नसते, डॉक्टरने विचारायची असते, आणि बहुतेक डॉक्टर विचारत नाहीत. लिंगाच्या धमन्यांचा व्यास एक-दोन मिलिमीटर, हृदयाच्या धमन्यांचा तीन-चार. एकाच आजाराने आधी बारीक नळी बुजते. म्हणून पन्नाशीतल्या पुरुषाला ही तक्रार नव्याने सुरू झाली तर हृदयाची तक्रार साधारण दोन ते पाच वर्षांनी मागून येऊ शकते, हे वेगवेगळ्या देशांत दिसलं आहे. अशा माणसाला मी ‘ताकदीची’ गोळी लिहून मोकळा होत नाही, आधी फिजिशियनकडे पाठवतो. आणि मेडिकलमधून न विचारता अशा पुड्या आणणाऱ्यांना एक सांगणं : काही ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं सापडलेलं आहे. ती घेतलेली असताना छातीत दुखलं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवलं तर बीपी जिवावर बेतण्याइतकं कोसळू शकतं.

हाच इशारा टाडालाफिललाही लागू आहे, आणि ते तर आम्ही प्रोस्टेटसाठीच देतो. ५ मिलिग्रॅमची रोजची गोळी अमेरिकेत २०११ साली प्रोस्टेटच्या त्रासासाठी मान्य झाली. रक्तवाहिन्या आणि मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू सैल करणं हे तिचं काम. ज्याच्या खिशात सॉर्बिट्रेट असतं त्याला ती द्यायची नाही, आणि घेत असेल त्याने कुठल्याही इमर्जन्सीत पहिल्यांदा तेच सांगायचं. टॅमसुलोसिन आणि सिलोडोसिनने उभं राहताना बीपी पडू शकतं. वडील आधीच बीपीच्या गोळ्यांवर आहेत, त्यात थंडीत पहाटे पांघरुणातून झटकन उठून अंधारात संडासाकडे निघाले तर चक्कर येऊन पडतील. निफाडचा पारा एक आकड्यावर येतो तेव्हा आमच्या ऑर्थोपेडिक मित्रांकडे खुब्याचे फ्रॅक्चर कसे येतात, ते त्यांनाच विचारा. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, दिवा लावायचा आणि रात्रीची लघवी बसूनच करायची, पुरुषांनीसुद्धा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरला टॅमसुलोसिन चालू असल्याचं आधी सांगा, त्याने बाहुली नीट मोठी होत नाही.

पूर्वी असंही वाटायचं की अल्फा-ब्लॉकरने, म्हणजे टॅमसुलोसिनच्याच जातीच्या औषधांनी, बीपी आणि प्रोस्टेट हे दोन पक्षी एका दगडात पडतील. अमेरिकेतल्या ‘ऑलहॅट’ या बीपीच्या औषधांच्या मोठ्या अभ्यासात डॉक्साझोसिन हा अल्फा-ब्लॉकर घेणाऱ्यांचा गट २००० साली मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण क्लोरथॅलिडोन या साध्या पाण्याच्या गोळीच्या तुलनेत त्यांच्यात हार्ट फेल्युअर जवळपास दुप्पट दिसलं. तेव्हापासून बीपीचं औषध बीपीसाठी आणि प्रोस्टेटचं प्रोस्टेटसाठी, हीच रीत बरी. मूत्राशय शांत करणाऱ्या औषधांपैकी मिराबेग्रॉनने बीपी वाढू शकतं, १८०/११० च्या घरात असलेल्याला ते देत नाहीत. रात्रीची लघवी कमी करणारं डेस्मोप्रेसिन फार आकर्षक वाटतं, पण त्याने वयस्कर माणसाचं सोडियम धोकादायक पातळीवर उतरू शकतं आणि हार्ट फेल्युअर असेल तर ते वर्ज्यच. पाय सुजलेल्या माणसाला हे औषध कुणी एकोशिवाय लिहून दिलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

घरी करण्यासारखं सगळ्यात परिणामकारक काम मिठाचं आहे. जपानमध्ये जास्त मीठ खाणाऱ्यांनी रोजचं मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलं, तेव्हा त्यांचं रात्रीचं उठणं सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, भाजी-आमटी-भाकरी सगळं धरून. आपल्या ताटात पापड, लोणचं, ठेचा, रविवारची मिसळ आणि चहाबरोबरचा मूठभर चिवडा धरला तर तो चमचा दुपारीच संपतो. बाकी दुपारी तासभर पाय उशीवर वर ठेवून पडणं, संध्याकाळी चालणं, आणि पायांच्या धमन्या चांगल्या आहेत याची खात्री डॉक्टरने केल्यावर दिवसा घट्ट मोजे. झोपण्याआधी दोन-तीन तास पाणी-चहा आवरता घ्यायचा. ‘झोपताना ग्लासभर पाणी प्या, अटॅक टळतो’ हा व्हॉट्सअॅपवरचा निरोप वडील पाळत असतील तर तो बंद करा. त्याला आधार नाही, उठणं तेवढं वाढतं.

तपासण्या अशा करा : क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, साधी लघवी आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन. शेवटची तपासणी स्वस्त आहे आणि बऱ्याचदा राहून जाते. लघवीतून अल्ब्युमिन गळायला लागणं म्हणजे मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्याची खूण, आणि ज्यांच्यात ते दिसतं त्यांच्यात हृदयविकाराचा धोकाही वाढलेला असतो. लघवीचा हृदयाशी खरा धागा शोधायचा तर मी तो इथे शोधेन. सूज असल्यामुळे टूडी एको करून घ्या. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली तो आकडा आहे का बघा, नसेल तर तेवढ्यासाठी पुन्हा करावी लागेल.

थांबायचं नाही अशा गोष्टी : रात्री झोपेतून गुदमरून उठून बसणं, दोन उशा लागायला लागणं, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढणं, छातीवर दाब आणि घाम. तेव्हा लघवीची वही बाजूला ठेवून हॉस्पिटल गाठा. लघवी पूर्ण तुंबली तरी तसंच. हिवाळ्यात सर्दीच्या गोळीने हे होऊ शकतं, म्हणून प्रोस्टेटवाल्याने सर्दीची गोळी विचारून घ्यावी. लघवीतून रक्त आलं तर ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना, म्हणून असेल’ असं समजून सोडू नका, तंबाखू-बिडीवाल्यांनी तर मुळीच नाही. तपासणी होईपर्यंत गोळीही स्वतःहून सोडू नका.

राहिला तुमच्या भावाचा मुद्दा, की प्रोस्टेटचं ऑपरेशन आत्ताच उरकून टाकू, पुढे हृदयाचं काही निघालं तर करता येणार नाही. स्टेंट पडल्यानंतर तातडीची नसलेली ऑपरेशनं काही महिने, कधी वर्षभर पुढे ढकलतात हे खरं आहे. पण ज्या प्रोस्टेटमुळे त्रास होतोय हेच सिद्ध झालेलं नाही, ते काढून वडील ऑपरेशननंतरही चारदाच उठतील आणि मग कुणाला जाब विचारणार? तीन दिवसांची वही आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन आधी फिजिशियनकडे जा. रात्रीचे आकडे शंभरच्या आतले निघाले, तर नंतर आमच्यासारख्याकडे या.